साडभाऊचा गोरा

अकोल्यासारख्या भट्टीत राहून, जन्मात एकदाही चेंडूला पाय न लावता, कुठल्या कुठं असलेल्या युक्रेनच्या एका फुटबॉल खेळाडूची काळजी ज्यानं सख्ख्या बापासारखी वाहिली, असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात एकच झाला आणि तो नेमका माझा साडभाऊ निघाला. साडभाऊ म्हणजे बायकोच्या बहिणीचा नवरा. हे नातं मोठं चमत्कारिक. आपला सासरा त्याच्या धाकट्या पोरीसाठी एक माणूस निवडतो, आपल्याला फक्त लग्नाला बोलावतो, आणि पुढची चाळीस वर्षं तो माणूस आपल्याला निस्तरावा लागतो. त्याला मी निस्तरलं असं मी आजवर सगळ्यांना सांगत आलो. खरं काय ते पुढं येईलच.

आधी माझं सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्याला किती किंमत द्यायची ते तुम्हाला ठरवता येईल. मी चौथीपर्यंत शिकलो. पुढं मास्तरला माझा आणि मला मास्तरचा कंटाळा आला. मग अमरावतीत जन्मभर ट्रक चालवला, कापसाच्या गाठी वाहिल्या. युक्रेन कुठं आहे म्हणून मला नकाशा दाखवू नका. रस्ता सांगा, मी गाडी घेऊन जाईन. साडभाऊ माझ्यापेक्षा शिकलेला, दहावी नापास. अकोल्यात त्याचं टेलरिंगचं दुकान. शाळेच्या पोरांचे गणवेश शिवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही. त्याचा पुतण्या डॉक्टरकी शिकायला युक्रेनला गेला, तिथं होस्टेलच्या बाजूला एका लहानशा क्लबचं मैदान होतं, आणि एका खेळाडूनं हसतहसत पुतण्यासोबत फोटो काढून घेतला. पुतण्यानं तो फोटो काकाला पाठवला. दुसरा कोणी असता तर छान म्हणून सोडून देता. साडभाऊनं फोटो बोटांनी ताणून मोठा केला आणि म्हणाला, "याच्या डाव्या खांद्याची शिवण उतरून राह्यली. कोन शिवते बावा याचे कपडे?" तिथून जे लागलं ते लागलं.

त्या खेळाडूचं नाव मी इथं लिहीत नाही, कारण मला ते लिहिता येत नाही. बोलताही येत नाही. आमच्या हिनं पहिल्याच दिवशी तोडगा काढला, "एवढं लांब नाव घेता घेता भाजी जळते. गोरा म्हना." तेव्हापासून तो दोन्ही घरांत गोरा. पुतण्याला विचारून विचारून साडभाऊनं त्याची सगळी कुंडली जमा केली. गोरा खेड्यातला. बाप शेतावर ट्रॅक्टर चालवायचा. अकराव्या वर्षी त्याला शहरातल्या खेळाच्या शाळेत टाकलं, तिथं पहिल्या रात्री घरी जायचं म्हणून रडला. "माती आपल्यासारखीच कायीभोर हाय तथी, भाऊ," साडभाऊ मला सांगायचा. "फक्त कपाशीच्या जागी सूर्यफूल." जणू मधे फक्त एक धुरा, म्हणजे बांध आहे, इकडे आपलं वावर, तिकडे गोऱ्याच्या बापाचं. गोरा डावीकडचा बॅक. म्हणजे त्याचं काम गोल करायचं नाही, होऊ द्यायचा नाही. पुतण्याच्या हिशोबानं त्यानं जन्मात तीन गोल केले आणि त्यातला एक स्वतःच्याच जाळ्यात. साडभाऊ तोही धरायचा. म्हणायचा, "गेला ना आत? मंग?"

आपण माणूस तोंडावरून ओळखतो, साडभाऊ मापावरून. छाती अडतीस, कंबर तीस, डावी मांडी उजवीपेक्षा अर्धा इंच जास्त. हे सगळं मोबाईलच्या वीतभर काचेवर, पळणाऱ्या माणसाकडं बघून. एका वर्षी तो मला म्हणाला, "पोट्टा गुडघा लपवून राह्यला. चड्डीचा डावा पाय खाली उतरून राह्यला, म्हंजे कंबर वाकडी करून पयते." मी हसलो. पंधरा दिवसांनी गोऱ्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्याची बातमी आली. त्या क्लबात मोठमोठे डॉक्टर असतील, त्यांना जे दिसलं नाही ते अकोल्याच्या टेलरला दिसलं. त्या वेळी आमची ही मोझरीला महाराजांच्या समाधीला गेली होती, तिनं तिथं हात जोडून गोऱ्याचा गुडघा मागून घेतला. मी म्हणालो, "माह्या कंबरेसाठी कधी गेली नाईस ते." ती म्हणाली, "तुमची कंबर आळसानं दुखते. त्याचा गुडघा कामानं गेला."

गोऱ्यानं क्लब बदलला की साडभाऊ नवं कापड आणायचा आणि त्या क्लबची जर्सी शिवायचा, स्वतःच्या मापाची, म्हणजे पोट धरून. नुसती शिवायचा नाही, घालायचाही. वलगावला आमच्या नात्यातलं लग्न होतं. हा देवळापाशी आला तो लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जर्सी घालून, पाठीवर गोऱ्याचा नंबर. योगायोग असा की बँडवाल्यांचेही कपडे लाल-पांढरे. बँडच्या मास्तरनं याला पाहिलं, उशीर केला म्हणून खडसावलं आणि हातात झांजा दिल्या. दुसरा माणूस भांडला असता. हा वरातीत देवळापासून मांडवापर्यंत झांजा वाजवत आला. मी लाजेनं एका खांबामागं उभा होतो. मला म्हणतो, "मास्तर बिचारा आदीच हैरान होता, त्याले कायले नाई म्हना?"

मी त्याची किती टर उडवली असेल ते आता सांगवत नाही. फोन केला की पहिलं वाक्य, "काय साडभाऊ, बसला का तुमचा गोरा बाकड्यावर?" राखीव म्हणून तो बाकड्यावरच बसलेला असायचा बहुतेक. मोठ्या क्लबात एकच वर्ष मिळालं, मग गुडघा, मग पुन्हा लहान क्लब. मला त्यात मोठी गंमत वाटायची. ज्यानं स्वतः जन्मभर दुसऱ्याच्या मालकीचा ट्रक चालवला, त्यानं दुसऱ्याला बाकड्यावर बसल्याबद्दल हसावं. अक्कल आपल्याला उशिरा येते. माझी तर अजून वाटेतच आहे.

मग लढाई लागली. पुतण्या हाल काढत घरी परत आला, गोऱ्याचं मैदान बंद झालं, आणि कितीतरी महिने गोऱ्याची काही खबर नाही. साडभाऊ दुकानात बसून गणवेशाला उलटे खिसे लावायला लागला. एकदा आमच्या घरी जेवताना तो असाच गप्प बसला होता. मला वाटलं जरा हसवावं. मी म्हणालो, "एक बॅक कमी झाला तर त्या युक्रेनचं काय अडून राह्यलं?" हसलं कोणी नाही. साडभाऊ ताटावरून उठला. आमची ही माझ्याशी चार दिवस बोलली नाही. वाढायची, पण बोलायची नाही. पाचव्या दिवशी म्हणाली, "तुमी बोलता ते मनापासून नसते मले माईत हाय. पन आयकनाऱ्याले कसं माईत राहीन?"

पुढं गोरा सापडला. तिकडं पुन्हा सामने सुरू झाले, प्रेक्षक नाहीत, आणि मधेच हल्ल्याचा भोंगा वाजला की दोन्हीकडचे खेळाडू तळघरात. भोंगा वाजला की साडभाऊही अकोल्यात मशीन थांबवायचा आणि ते वर येईपर्यंत पाणी प्यायचा नाही. इकडं आमची ही माझ्या मागं लागायची, "फोन लावा, इचारा भाऊजीले, निघाले का तयघरातून?" मी कुरकुरत फोन लावायचो. निघाले म्हटलं की तिला सांगायचो, मग ती पोळ्या लाटायला घ्यायची.

मागच्या हिवाळ्यात ती गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी दवाखाना, चौथ्या दिवशी नाही. त्याबद्दल मला जास्त लिहिता येत नाही.

मी रडलो नाही. हे मी मोठेपणानं सांगत नाही. रडूच आलं नाही. स्मशानात नाही, घरी नाही, तेरवीलाही नाही. तेरवीला मी मांडववाल्याशी खुर्च्यांवरून भांडत होतो आणि बायका एकमेकींकडं बघत होत्या. पोरगा म्हणाला, "बाबा, एकदाचे रडून घ्या, छातीत धरून ठेवू नका." मी म्हणालो, "काय नळ हाय का, खोलला का आला?" सून तर घाबरून डॉक्टरला विचारून आली. मीही घाबरलो होतो, पण माझी भीती वेगळी. मला वाटायला लागलं की चाळीस वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिच्यासाठी आपल्याजवळ पाणीच नाही, म्हणजे आपण माणूस नाही, गाठी वाहणारी गाडी आहे. जेवण कमी झालं. बोलणं त्याहून कमी.

तेरवीला साडभाऊनं आमच्या रिवाजाप्रमाणं मला दुखवट्याचा सदरा आणला, स्वतः शिवलेला, नेहमीच्या मापाचा. मी घातला तर तो खांद्यावरून लोंबायला लागला. मी म्हणालो, "साडभाऊ, हात बिघडला तुमचा." त्यानं सदरा उतरवून घेतला, ओट्यावर बसून हातसुईनं दोन्ही बाजू आत घेतल्या आणि पुन्हा मला घातला. त्याचा हात बिघडला नव्हता. मी तेरा दिवसांत तेवढा उतरलो होतो आणि ते घरात कोणाच्याही आधी त्यानं पाहिलं.

होळीनंतरची गोष्ट. सकाळी मी अंगणात दाढी करत होतो, तोंडाला साबण. फोन वाजला. साडभाऊचा आवाज बसलेला.

"भाऊ, आपला गोरा गेला."

"कोठी?"

"गेला म्हंजे गेला, भाऊ. नाई राह्यला." आणि फोन बंद.

मी उठलो. तसाच साबणाच्या तोंडानं घरात गेलो, स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि म्हणालो, "आयकलं का वो, तो गोरा गेला."

आत कोणी नव्हतं. ओट्यावर कुकर होता.

मग जे सुरू झालं ते मला थांबवता आलं नाही. उंबऱ्यावरच बसलो आणि लहान पोरासारखा मोठ्यानं रडलो. सून धावत आली, तिला वाटलं वस्तरा लागला. ती पदरानं साबण पुसून जखम शोधते आहे, आणि मी म्हणतो आहे, "तिले कसं सांगू आता, तिले कसं सांगू." शेजारचे जमले. कोण गेलं म्हणून विचारलं तर मी म्हणालो, "युक्रेनचा बॅक." त्यांनी माझ्याकडं कसं पाहिलं असेल ते तुम्हीच समजा.

दुपारी साडभाऊचा पुन्हा फोन. आवाज चांगला खणखणीत. "भाऊ, गोरा जित्ता हाय! सरावाच्या टायमाले त्याच्या डोक्याले कावया शिवला होता, म्या व्हिडिओत पाह्यलं. म्हनून कराव लागलं."

आमच्याकडं असं आहे. कावळा डोक्याला शिवला तर तो अपशकुन. मग त्या माणसाच्या नातेवाइकाला तो मेल्याची खोटी खबर पाठवायची. नातेवाईक खरं समजून रडला की मरण टळतं. रडणं खरं पाहिजे, म्हणून आधी सांगायचं नसतं. मी फोनवर त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून दुसऱ्या दिवशी बस धरून अकोल्याला गेलो, समोरासमोर बोलायला.

दुकानात तो काज करत बसला होता. त्याची बायको, म्हणजे माझी साळी, पलीकडं बटणं लावत होती. मी दारातूनच सुरुवात केली, "त्याचे नातेवाईक तथी नाईत का? मलेच कायले सांगतलं?"

"तथचा कोनाचा नंबर माह्याजवळ नाई. पुतन्याले सांगतलं तर तो लगेच मोबाईलवर पाहीन."

"म्हनून चौथी पास पकडला?"

"ताई असत्या तर त्याईलेच सांगतलं असतं," तो मान खाली घालून म्हणाला. "त्या रडल्या असत्या. त्याइच्या मागं तुमीच राह्यले ना गोऱ्याचे."

मी म्हणालो, "तथचे कावये राखाडी रायतात म्हने. पुतन्यानं सांगतलं होतं. राखाडी कावया चालते का याच्यात?"

"रंगाचं काई नाई, भाऊ. चोच तेच."

साळी तेवढ्यात म्हणाली, "कावया? तुमी तर मले म्हनत होते का..."

"तू चहा मांड," साडभाऊ एकदम म्हणाला. इतक्या वर्षांत त्याचा आवाज मी पहिल्यांदा चढलेला ऐकला. साळी उठली. जाताना माझ्याकडं बघून म्हणाली, "भाऊजी, रडल्याबराबर जेवले का तरी?"

"जेवलो," मी म्हणालो. "चार पोया."

ती आत गेली. तिच्या पाठीवरून मला समजलं की तीही रडते आहे. मी भांडायला आलो होतो हे आम्ही तिघंही विसरून गेलो. मग साडभाऊनं मोबाईल काढून गोरा दाखवला. आता चौतिशीचा झाला आहे, कंबर बत्तीसवर गेली. बाकड्यावर बसला होता, अंगावर जाडं जाकीट. आम्ही दोघं तासभर बघत बसलो. त्याला काही मैदानात उतरवलं नाही. "पुढच्या सामन्यात घेतीन," साडभाऊ म्हणाला. मी म्हणालो, "घेतीनच." आणि टर उडवली नाही, हे माझं मलाच नवल.

कावळा शिवल्याचा व्हिडिओ मी त्याला अजून मागितला नाही. मागणारही नाही. आमचा साडभाऊ खोटं बोलायला कच्चा आहे, विचारलं तर खरं सांगून मोकळा होईल.

गोरा खेळतो आहे. मागच्या महिन्यात शेवटची दहा मिनिटं उतरवलं, त्यातही मधे भोंगा झाला. साडभाऊ मला लगेच कळवतो. तळघरातून वर आले म्हणाला की मी फोन ठेवतो, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत जातो आणि सांगून येतो. हळूच सांगतो. सून घरात असते.