हार्लनचा शर्ट

व्हर्ना स्टॉफरला राग आला की ती बोलत नाही, घासत बसते. एरवी भांडी घासते. त्या वर्षी तिनं बंदूक घासली.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या त्यांच्या शिकारी तळावर एक रीत आहे. हरणावरचा नेम चुकला की चुकणाऱ्याच्या शर्टाचं मागचं टोक कापायचं आणि भिंतीला ठोकायचं. त्याच्या आदल्या मोसमात व्हर्ना चुकली. अंगात नवऱ्याचा, हार्लनचा, लाल लोकरी शर्ट होता. त्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. तळावरचे सगळ्यात म्हातारे ऑर्व्हलकाका म्हणाले, "हा राहू दे रे." पण धाकटा दीर डेल्मर कात्री घेऊन तयारच! "रीत म्हणजे रीत, वहिनी!" म्हणत त्यानं पार खांद्यापर्यंत कापलं. सगळ्यांनी दात काढले. व्हर्नानं मनात डूख धरला.

याच डेल्मरनं हार्लनवर माती लोटून होते न होते तोच त्याची दुर्बिणीची बंदूक उचलून नेली होती. "तुला एवढी भारी काय करायचीय?" वहिनीच्या वाट्याला आजेसासऱ्यांची, चापाखालची लिव्हर ओढून गोळी भरायची गंजकी बंदूक आली. तिचा खांद्याला लावायचा लाकडी दस्ता ताडमाड माणसाच्या मापाचा आणि व्हर्ना ठेंगणी. गाल टेकवेपर्यंत हरीण पसार होणार नाही तर काय!

शाळेच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या बाईला कारागीर कुठला परवडायला? तिनं स्वतःच करवतीनं दस्ता आखूड केला आणि धक्का बसू नये म्हणून मागे जुन्या बुटाचा रबरी तळ ठोकला. लिव्हर बोटांना चावायची, तिला चामड्याची वादी गुंडाळली. नेम धरायची भोकाची पट्टी जुन्या बाजारातून आणली. गंज खरवडला, लाकडाला जवसाचं तेल तळहातानं चोळचोळून मुरवलं. चोळताना तिला डेल्मरची मान दिसायची, मग हात आणखी जोरात चालायचा. शेवटी नळीच्या टोकावरच्या माशीला, म्हणजे नेमाच्या खुंटीला, पांढऱ्या नेलपॉलिशचा ठिपका दिला.

मोसमाच्या आदल्या दिवशी डेल्मरनं तो ठिपका पाहिला. "वहिनी, नुसतं नेलपॉलिश? लिपस्टिक पण लावायची की!"

"तू शर्टाला इस्त्री करून ठेव," ती म्हणाली.

सकाळी झाडीतून मोठा नर निघाला. आधी डेल्मरची गोळी सुटली. नर बिथरून व्हर्नाच्या अंगावरच आला. पांढरा ठिपका, खांदा, चाप. नर जागीच कोसळला. ती मचाणावरून उतरून जाईपर्यंत डेल्मरनं शिंगांवर हात ठेवला होता. "माझी लागली!"

जखम एकच होती. कातडं सोलताना ऑर्व्हलकाकांना गोळी सापडली. त्यांनी ती पुसून सगळ्यांना दाखवली. "ही जाडी गोळी तुझ्या आजोबांच्या बंदुकीची, व्हर्नाची. तुझी बारीक असते, डेल्मर. चुकलास तर चुकलास, वर खोटं कशाला बोललास?"

कात्री व्हर्नाकडे आली. डेल्मरचा नवाकोरा चौकड्यांचा शर्ट होता. तिनं सावकाश, कॉलरपर्यंत कापला. तिला फार बरं वाटलं, लपवायचं कशाला?

पाठ उघडी टाकून डेल्मर ओशाळं हसला. "झाली ना फिटंफाट, वहिनी?"

"कसली फिटंफाट? तुला उद्या दुकानात दुसरा मिळेल. हार्लनच्या घामाचा वास होता त्या शर्टाला. तो कुठल्या दुकानातून आणू?"

डेल्मरनं कापलेला तुकडा स्वतःच भिंतीला ठोकला.

"पुढच्या वर्षी दोन शर्ट घालून ये," व्हर्ना म्हणाली.