उलट्या वळशाची लाट

नंदिनी गावच्या चुनखडीच्या खाणींपलीकडं, माळावर, आमची भूकंप नोंदवायची एक खोली होती. साहेब मी, शिपाई तेजराम, बस्स. काजळी धरलेला कागद गोल फिरायचा आणि सुई त्यावर रेघ ओढायची. खोलीत माणूस नुसता उठला तरी ती चळायची, म्हणून मी तेजरामला उठता-बसता झापायचो. माझा स्वभावच खवट. तुमसरकडची शेती भावावर सोपवून आलेला हा माणूस सगळं हसून घ्यायचा.

त्याची बायको मथुरा रोज अकराला डबा आणायची. दोन मुलं पोटातच गेली होती; आता तिसऱ्या खेपेचा आठवा महिना होता. "घरी राह्य म्हनलं तं आयकत नाई," तो म्हणायचा. "एकटीले घास उतरत नाई म्हन्ते."

चार वर्षं तो टेंपररी होता. १९६४च्या मार्चात त्याला पर्मनंट करायचा कागद एकदाचा वरच्या ऑफिसात पोचला. नेमका तेव्हा एखादा ठपका आला असता, तर तो कागद तिथंच धूळ खात पडला असता.

अठ्ठावीस तारखेला सकाळी सव्वानऊनंतर सुई अशी उसळली की माझा चहा हातातच निवला. नंतर कळलं, अलास्कापाशी समुद्राखाली जमीन फाटली होती. पावणेदहाच्या पुढं जवळच्या वाटेनं आलेली लांब लाट उमटली. दुसरी पृथ्वीला उलटा वळसा घालून अकराच्या पुढं येणार होती. दोन्ही ताडून पाहिल्या की भेग कोणत्या दिशेला, किती वेगानं फाटत गेली ते काढता येतं. माझ्या नोकरीत असली लाट पहिल्यांदाच येत होती.

"आता हलायचं नाही," मी बजावलं. दोघंही स्टुलांवर बसून राहिलो.

अकराला बाहेर पावलं वाजली.

"मथुरे, तिथंच पळसाखाली बस वं," तेजराम बसल्या जागेवरून ओरडला. "जवळ येऊ नोको."

"काहून? काई झालं का?"

"मी बरा हावो. लय दूर कुठंतरी जमीन फाटली. तिची लाट इकडं येऊन राहिली."

"मंग तिथल्या लोकाईचं काय झालं असंन?"

सकाळपासून हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता.

सुई संथ, रुंद हेलकावे घेऊ लागली. मी श्वास रोखला. बाहेर मथुरेचं बोलणं थांबलं होतं. तेजरामनं दोनदा हाक मारली. उत्तर नाही.

"तेजराम, उठू नको!"

चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं माझं ऐकलं नाही. स्टूल उलथलं, सुई कागदभर धावली. शिव्या देतच मी मागे धावलो.

मथुरा बुंध्याला टेकून गाढ झोपली होती, एक हात पोटावर. तिला जाग येऊ नये म्हणून तेजराम आवाज न करता रडत होता. मला स्वतःची फार लाज वाटली.

थोड्या वेळानं तो आत आला.

"साहेब, हे पुसता नाई येत?"

"नाही."

कोण हललं ते शेऱ्यात लिहावं लागे. मी लिहीत होतो तोवर तो दारातच उभा राहिला.

"माहं नाव लिवलं नं?"

"माझं लिहिलं," मी खेकसलो. "जा आता, तिला उठव. ऊन आलंय तिच्यावर."