प्रॉम्प्टर झोपला

गेल्या रविवारी भर दुपारी मुर्रीला, माझ्या गावी, आमच्या पुढच्या खोलीत पाच खून झाले. पाचही इटलीतले, मी नागपूरहून पेन ड्राइव्हवर घालून नेलेले.

मला असले सिनेमे आवडतात, काय करू... पन्नासेक वर्षांपूर्वी तिकडे कमी पैशांत निघालेले खूनपट. काळे हातमोजे घातलेला खुनी, भडक लाल रक्त आणि अगदी शेवटी कळणारं नाव. त्यांना ‘जाल्लो’ म्हणतात. आमचा फेसबुकवर एक ग्रुप आहे, दर आठवड्याला सगळ्यांनी एकच सिनेमा बघायचा आणि आपापलं मत लिहायचं. हा पाच खुनांचा सिनेमा त्या आठवड्याचा होता.

पण गावी गेले होते ती बाबांसाठी. दिवाळीनंतर त्यांना लकवा मारला. हातपाय बऱ्यापैकी सावरले, वाचा मात्र गेली ती गेलीच. कळायचं सगळं, शब्द तोंडाशी येऊन अडायचा. डॉक्टर म्हणाले होते, त्यांना बोलतं करा, हेच महिने महत्त्वाचे... आणि बाबांनी तर प्रयत्नच सोडून दिला होता.

माझे बाबा झाडीपट्टीच्या नाटकांतले प्रॉम्प्टर. आमच्याकडे धान निघालं की गावोगावी नाटकं लागतात. नट आज या गावात, उद्या त्या गावात, तालमीला वेळ कुणाकडे आहे... मग विंगेत बसलेला माणूस हळू आवाजात वाक्य पुढे सरकवतो आणि नट तेच गर्जून म्हणतो. आख्खीच्या आख्खी नाटकं बाबांना तोंडपाठ. त्यांचा नट कधी अडला नाही, याचा त्यांना भारी अभिमान.

अशा माणसासाठी मी शहाणीने काय न्यावं? पहिलीच्या पोरांची चित्रांची कार्डं. गाय, आंबा, छत्री. "बाबा, हे काय आहे?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एकदा माझ्याकडे बघितलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. आठवलं की अजून लाज वाटते.

तर रविवारी मी हात टेकले आणि लॅपटॉप टीव्हीला जोडला. सिनेमा इंग्रजीत डब केलेला, आईबाबांना इंग्रजीचा गंध नाही. आई शेजारी सुपात तांदूळ निवडत बसली. बाबा खुर्चीत. मला वाटलं, दहा मिनिटांत पेंगतील.

आईची मतं पहिल्याच खुनापासून सुरू झाली. "एवढा मोठा बंगला, अन् कडी लावाले काय होते यायले?" दुसऱ्या खुनाला म्हणाली, "हे रक्त नोहे वो, कुंकू कालवलं हाय."

बाबांच्या कपाळावर मात्र आठी. पडद्यावर इन्स्पेक्टर तोंड उघडायचा, मिटायचा आणि मग त्याचा आवाज यायचा. स्वस्तातलं डबिंग, दुसरं काय... बाबा खुर्चीत पुढे सरकले. त्यांचा चांगला हात मांडीवर पडायला लागला, प्रत्येक वाक्याच्या जरासा आधी. इन्स्पेक्टरने पुन्हा तोंड उघडलं. आवाजाचा पत्ता नाही.

"प्रॉम्प्टर... झोपला," बाबा म्हणाले.

सुपातला आईचा हात थांबला.

"काय म्हनलं जी?"

"झोपला," बाबा चिडून म्हणाले, जशी काही चूक आमचीच. "प्रॉम्प्टर."

मला रडूच फुटलं. आई माझ्यापेक्षा खमकी. म्हणाली, "तीन महिने आमच्याशी शब्द नाई, अन् ह्या गोऱ्यायसाठी तोंड उघडलं."

आणि तेवढ्यात लाइट गेली. लोडशेडिंगला कशाची पर्वा... टीव्ही बंद पडला, तर बाबांनी बोटाने लॅपटॉप दाखवला. मग काय, त्या टीचभर स्क्रीनसमोर आम्ही तिघं डोक्याला डोकं लावून बसलो. नायिका एकटीच जिना चढायला लागली, तर बाबा हळूच तिला म्हणाले, "मागं... पाहा." अगदी विंगेतला आवाज. मी लहानपणी ऐकलेला.

आईचा संशय सिनेमातल्या डॉक्टरवर. "थोच हाय. लय गोड बोलते." माझा फोटोग्राफरवर. बाबांनी दोघींनाही मान हलवून नाही म्हटलं.

"बहीण," ते म्हणाले. नायिकेची मोठी बहीण, जी सिनेमाभर कोपऱ्यात बसून नुसती विणत होती.

"काऊन?" आईने विचारलं.

बाबांना खूप वेळ लागला. मी सिनेमा थांबवला. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता, कपाळावर घाम आला... पण या वेळी त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं नाही.

"तिले... वाक्यंच नाई. मंग... ठेवली कायले?"

बरोबरच आहे. ज्या नटीला बोलायला काही नाही आणि तरी ती प्रत्येक अंकात हजर असते, तिचं वाक्य लेखकाने शेवटासाठी राखून ठेवलेलं असतं. हे तीस वर्षं विंगेत बसलेल्या माणसालाच कळणार. शेवटच्या पाच मिनिटांत बहिणीने काळे हातमोजे काढले आणि बाबांनी आईकडे असं बघितलं, की बस्स.

ग्रुपवर सगळ्यांची मतं आली आहेत. कुणाला रंग आवडले, कुणाला कॅमेरा, खुनी बहुतेकांना ओळखता आला नाही. एका बाबतीत मात्र सगळ्यांचं एकमत... डबिंगने सिनेमाची वाट लावली.

बाबा अजून अडतात. काही दिवस दोनच शब्द येतात, काही दिवस तेही नाही. पण काल आईने फोन त्यांच्या कानाला लावला, तर पलीकडून सावकाश आवाज आला, "पुढचा... खून... कधी आनते?" कार्डं मी शेजारच्या पोरीला देऊन टाकलीत.

माझं मत लिहायचं राहूनच गेलं होतं, ते आज लिहिते. डबिंग फारच वाईट आहे. इटलीत ज्या कुणी ते करताना डुलकी काढली, त्या अनोळखी माणसाचे आमच्या घराकडून मनापासून आभार.