टाकीचा फेरा

कोरान्नेकाकांबद्दल लिहायचं तर मधेच कुठेतरी माझी चूक येणार. ती टाळून लिहिता येईल का, हे मी दोनदा करून पाहिलं. जमलं नाही. तेव्हा ती येईल तेव्हा येईल.

श्रीपाद कोरान्ने बडा गणपतीपाशी आमच्याच गल्लीत राहायचे. इंदूरच्या एका कापडाच्या मिलमध्ये ते टाइम ऑफिसात होते. हजेरीच्या खिडकीवर बसायचे. पण हजेरी काय, कोणीही घेईल. काकांची खरी करामत गेटाबाहेर होती. पाळी सुटली की हजार-बाराशे सायकली बाहेर पडत आणि तेवढ्याच आत येत. गेट एक. बाहेर पडून उजवीकडे वळणारे येणाऱ्यांच्या अंगावर जात. रोज कोणाचं तरी चाक वाकडं, कोणाचा तरी डबा सांडलेला आणि त्यावरून एकमेकांच्या आयाबहिणींचा उद्धार. पंच्याहत्तर साली एकाचा पाय मोडला, तेव्हा काका खिडकीतून उठून बाहेर आले आणि त्यांनी नियम घातला. गेटापाशी कोणीही उजवीकडे वळायचं नाही. ज्याचं घर उजवीकडे त्यानंही आधी डावीकडे जायचं, ऐंशी पावलांवर पाण्याची टाकी आहे तिला वळसा घालायचा आणि पलीकडच्या बाजूनं सरळ घर गाठायचं. आत येणाऱ्यांनाही तसंच. त्यांचा वळसा दुसऱ्या अंगाच्या चिंचेला.

पहिले आठ दिवस काकांनी पोटभर शिव्या खाल्ल्या. नंतर सगळ्यांच्या अंगवळणी पडलं. मिल चालू होती तोवर, म्हणजे पुढची सतरा वर्षं, त्या गेटावर धडक म्हणून झाली नाही. त्या वळशाला लोक टाकीचा फेरा म्हणत. कोणी घरी उशिरा पोचला तर बायको विचारायची, "आज टाकीला किती फेरे मारले?"

ब्याण्णव साली मिल बंद झाली. बेकार झालेल्या कामगारांची नोंद करायला एक शिबिर भरलं. तिथल्या बाबूनं काकांना विचारलं, "मशीन चलाते थे?" नाही. "कोई डिप्लोमा?" नाही. त्यानं रकान्यात 'अकुशल' असं लिहिलं, शिक्का मारला आणि कागद हातात दिला. शशिकलाकाकू सांगायच्या, त्या दिवशी ते जेवले नाहीत. कागद त्यांनी फाडला नाही. पंचांगात ठेवला, आणि दर वर्षी पंचांग बदललं की तो नव्या पंचांगात जायचा. एवढा राग मी दुसऱ्या कोणात पाहिला नाही, आणि इतका गुपचूप तर नाहीच.

पुढं तुकोगंजमध्ये एका दवाखान्याच्या सायकल स्टँडवर ते बसू लागले. त्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर माझा कॉम्प्युटर क्लास होता. काका पाणी प्यायला वर यायचे. खाली त्यांनी स्कूटरी अशा लावलेल्या असायच्या की कोणतीही काढायला दुसरी हलवावी लागू नये. हे माझ्या पुष्कळ उशिरा लक्षात आलं. आपल्या डोळ्यांसमोरची हुशारी आपल्याला दिसत नाही. ती बाहेरगावाहून आली की लगेच दिसते.

दोन हजार पाच साल असेल. मुलं क्लास संपला की शहर वसवायचा एक खेळ खेळत. रिकामी जमीन मिळते, तुम्ही रस्ते आखायचे, घरं आणि कारखाने वसवायचे, मग लोक आपोआप येतात आणि तक्रारी करू लागतात. रजत नावाच्या विद्यार्थ्याच्या शहरातला मोठा चौक कायम लाल दिसायचा, म्हणजे तुंबलेला. त्यानं रस्ता रुंद केला, पूल टाकला, तरी लालच. काका ग्लास हातात धरून मागे उभे होते.

"काय रे, हे लोक चौकात वळतातच कशाला?"

"तो कहां मुड़ेंगे, अंकल?"

"पुढे जाऊन. पण तुझ्या गाड्या उलट्या का चालतात?"

खेळ परदेशी होता, गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूनं धावत. काकांचं डोकं तसं चालेना. दुसऱ्या दिवशी ते खालून एका स्कूटरचा निखळलेला आरसा घेऊन आले, पडद्यासमोर धरला आणि आरशात बघू लागले. आरशात गाड्या इंदूरसारख्या डाव्या बाजूनं चालत होत्या! मग आरशात बघून काका सांगणार आणि रजत माउस हलवणार, असं सुरू झालं. "डावीकडे... म्हणजे तुझ्या उजवीकडे, अरे, तिकडे नाही!" आम्ही पोट धरून हसायचो.

पण आठवड्याभरात आरशातल्या त्या चौकात उजवं वळणच उरलं नाही. उजवीकडे जाणारी गाडी सरळ चौक ओलांडायची, पुढे रस्त्याच्या दुभाजकातल्या खाचेतून उलटी फिरायची, परत यायची आणि डावीकडे वळून निघून जायची. टाकीचा फेरा, चारही बाजूंनी. लाल चौक हिरवा झाला. रजत ओरडला, "भिया, अंकल तो गजब निकले!" काका त्या दिवशी दोन ग्लास पाणी प्यायले.

त्याच सुमारास पेपरात सूचना आली. मिलसमोरचा रस्ता रुंद झाला होता, जुन्या गेटापाशी नवा चौक झाला होता आणि तिथं रोज धडका व्हायच्या. रस्त्यांचं काम बघणाऱ्या कार्यालयानं नागरिकांकडून उपाय मागवले होते आणि त्यासाठी बैठक ठेवली होती. काकांनी सूचना कापून खिशात घातली. "चारू, त्यांनी एकदा हो म्हटलं ना," ते म्हणाले, "तर तो शिबिरातला कागद मी गणपतीसमोर जाळीन." मला तेव्हा कळलं की त्यांना चौक सुधारायचा होता तो याच्यासाठी.

तीन रविवार आरशात बघून त्यांनी आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. नुसत्या रेघा आणि बाण. "नावं तू टाक, छापील दिसतील," म्हणून मला दिला. बैठकीच्या सकाळी मी घाईघाईत तो स्कॅन केला. आणि मला आठवलं, खेळ तर उलटा आहे! म्हणून मी मोठ्या हुशारीनं चित्र डावं-उजवं पालटलं, नावं टाकली, रंगीत छापलं आणि गुंडाळी करून दोरा बांधला. काका तो आधीच आरशातून सुलटा करून बसले होते, हे माझ्या ध्यानातही आलं नाही. त्यांनी उघडून बघायला मागितला तर मी म्हटलं, "राहू द्या काका, चुरगळेल."

बैठकीला मीही गेले. खरं सांगायचं तर नुसती काकांसाठी नाही. त्या कार्यालयातल्या चाळीस लोकांना कॉम्प्युटर शिकवायचं काम निघालं होतं आणि ते बैठक घेणाऱ्या इंजिनिअरसाहेबांच्या हातात होतं. माझा क्लास तेव्हा बंद पडायच्या बेतात होता. साहेब मला बघून म्हणालेही, "मैडम, आपका काम लगभग पक्का समझिए."

मग त्यांनी काकांची गुंडाळी उघडली. क्षणभर पाहिलं आणि हसले. "ये कौन से देश का चौराहा है, अंकल? सारी गाड़ियां राइट साइड में चल रही हैं!" खोलीत सगळेच हसले.

मला त्याच क्षणी कळलं. काकांनी नकाशाकडे पाहिलं, मग एकदाच माझ्याकडे, आणि म्हणाले, "गलती हो गई साहब. उमर हो गई है."

"कोई बात नहीं. पर ये टेक्निकल काम है, स्किल्ड लोगों पर छोड़ दीजिए," साहेब म्हणाले आणि पुढचा कागद घेतला.

मी बोलले नाही. चाळीस लोकांचं काम मला मिळालं. काका पाणी प्यायला वर यायचे बंद झाले. घरून बाटली आणू लागले. मी जिन्यावरून उतरताना ते स्कूटरी नीट लावत असायचे. "काय चारू, बरं ना?" एवढं विचारायचे. त्या 'बरं ना'नं मला रोज मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लाज वाटायची, आणि लाज वाटते याचाही राग यायचा.

दीड महिन्यानं एका रविवारी मी त्यांच्याकडे गेले. काका ओट्यावर सायकलच्या साखळीला तेल घालत होते.

"काका, नकाशा मी उलटा केला होता."

"हो ना."

"म्हणजे? तुम्हाला माहीत होतं?"

"माझा बाण मला ओळखू येणार नाही काय? आणि मग तुझं तोंड बघितलं." त्यांनी हात फडक्याला पुसले. "मी हजेरीच्या खिडकीत बसलेला माणूस. कोण काय लपवतंय ते समोर आल्याबरोबर दिसतं."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? साहेब तुला काम देत होता. मी म्हटलं असतं की हिनं उलटं छापलं, तर त्यानं तुझ्या नावापुढे काय लिहिलं असतं? माझ्या नावापुढे तो शब्द आधीच आहे. आणखी एकदा लिहिला तर काय फरक पडतो!"

मी तिथेच ओट्यावर बसून रडले. काकू पोहे घेऊन आल्या, त्यांनी बघितलं आणि बशी माझ्याजवळ ठेवून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी काकांचा मूळ आलेखाचा कागद घेऊन मी साहेबांकडे गेले. चूक माझी होती, हे सांगितलं. त्यांच्या कपाळाला आठी पडली. पुढच्या तुकडीचं शिकवणं मला मिळालं नाही, ते कदाचित यामुळेच. पण त्यांनी कागद पाहिला. बोट ठेवून एकेक गाडी फिरवली. चौकातून सरळ, खाचेतून परत, डावीकडे. चारही बाजूंनी फिरवली. मग चष्मा काढला.

"ये बनाया किसने? कौन से इंजीनियर ने?"

"कोरान्नेजी ने. वही अंकल."

साहेबांनी कागद माझ्याकडे सरकवला. "सिग्नल का ऑर्डर तो निकल गया, मैडम. पहले लाना था ना."

तिथं सिग्नल लागला. आजही आहे, आणि आजही तिथं तुंबतं.

संध्याकाळी मी काकांना सगळं सांगितलं. सिग्नलचं ऐकून त्यांनी नुसती मान हलवली. "साहेब नेमकं काय म्हणाला? परत सांग."

"कौन से इंजीनियर ने बनाया, असं."

"असंच? इंजीनियर हा शब्द त्याचा, की तुझा?"

"त्यांचाच, काका."

काकांनी काकूंकडून पंचांगातला तो कागद मागवला. घड्या इतक्या जुन्या झाल्या होत्या की उलगडताना तो दोन ठिकाणी फाटला. मला वाटलं, आता जाळणार. त्यांनी तो पालथा केला, माझ्यासमोर ठेवला आणि पेन दिलं.

"याच्या मागे लिही. साहेब जे बोलला ते, जसंच्या तसं. तारीख टाक. आणि खाली तुझी सही, साक्षीदार म्हणून."

मी लिहिलं. सहीच्या वर माझी चूकही लिहिली. ते नको म्हणत होते, तरी लिहिली. त्यांनी कागद चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचला. मग म्हणाले, "साहेब बोलला तेव्हा किती वाजले होते?"

"सव्वाअकरा असतील."

काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं आणि तारखेपुढे स्वतःच्या अक्षरात वेळ घातली.