हरभऱ्याच्या रानातले दोन नवे शिपाई

बारावी झाल्यावर माझं लग्न लावायचं की मला पुढं काही करू द्यायचं, यावर आमच्या घरात बरेच दिवस खल चालला. आमचं गाव वडूजच्या पूर्वेला. थोडी कोरडवाहू जमीन आणि मेंढरं. दिवाळी झाली की आण्णा, म्हणजे माझे वडील, मेंढरं घेऊन नदीकाठच्या मुलखाकडं उतरायचे, ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. घोडीच्या पाठीवर सगळा संसार लादलेला आणि तिचा दोर आईच्या हातात. मला शाळेसाठी चुलत्यांकडं ठेवलं आणि मी शाळेत टिकले, म्हणून बारावीपर्यंत आले. चुलत्यांच्या मते तेवढं शिक्षण पुष्कळ झालं होतं. मला पोलिसात जायचं होतं. बायकांच्या जागा नव्यानं निघायला लागल्या होत्या आणि आमच्या मास्तरांनी ते वर्गात सांगितलं होतं.

आण्णा म्हणाले, "पोलीस दिसला की आमी वाट बदलतो. आन तू पोलीस व्हणार?"

"व्हणार."

"लय अवघड हाय गं."

"व्हय. पर व्हणार."

शेवटी कुपवाडच्या मावशीनं तोड काढली. "दोन वरसं हिला माझ्याकडं द्या. न्हाई झाली पोलीस, तर म्या सोता नवरा बघीन." मावशी आणि काका दोघंही कुपवाडच्या एमआयडीसीत कामाला होते. ती पॅकिंगला, काका लेथवर. भाड्याच्या दोन खोल्यांत त्यांनी माझ्यासाठी जागा केली.

पहाटे कारखान्यांचे भोंगे व्हायच्या आधी मी एमआयडीसीच्या सरळ रस्त्यावर पळायचे. पहिल्या पाळीला येणारी माणसं लुना, स्कूटर हळू करून बघायची. पंजाबी ड्रेस घातलेली, ओढणी कमरेला आवळलेली मुलगी कशाला पळते, हे त्यांना कळायचं नाही. काहीजण काहीबाही बोलायचे. मी मान वर करायची नाही, पण पळणं थांबवायचीही नाही.

घरमालकांची मुलगी माझ्याच वयाची होती. सांगलीच्या कॉलेजात इंग्रजी घेऊन बी.ए. करत होती. आठवडाभर तिनं मला खिडकीतून पाहिलं असेल. एका सकाळी ती कॅनव्हासचे बूट घालून खाली उतरली.

"आजपासून मीही येते," ती म्हणाली. "मलाही भरतीला जायचंय. घरी अजून सांगितलं नाही."

त्या दिवसापासून आम्ही दोघी झालो.

घरमालकांकडं रंगीत टीव्ही होता, वर केबल. त्या वर्षी एका इंग्रजी चॅनेलवर काही भागांची एक मालिका लागायची. दर रविवारी दुपारी जेवणं झाली की मैत्रीण मला हाक मारायची. मावशीही निवडायचे तांदूळ घेऊन यायची. अमेरिकेतला जुना काळ, उघडाबोडका माळ, आणि सरहद्द राखणाऱ्या घोडेस्वार पोलिसांत नव्यानं भरती झालेले दोन पोरगे. इंग्रजी मला फारसं कळायचं नाही. मैत्रीण मध्ये मध्ये सांगायची. पण तो मुलूख मला सांगावा लागला नाही. खुरटी झुडपं, पाण्यासाठी वणवण, वाऱ्यावर उडणारी माती. आमच्या गावाच्या बाहेर उभं राहिलं की हेच दिसतं.

पहिल्याच भागात त्यातला एकजण घोड्यावरून पडला आणि मी मोठ्यानं हसले. पाय चुकीच्या बाजूनं टाकला होता त्यानं.

"हसतेस काय," मैत्रीण म्हणाली. "हेच दोघं पुढं मोठे नावाजलेले पोलीस होणार आहेत. त्यांच्या म्हातारपणाची मालिका आधी येऊन गेली. ती लोकांना इतकी आवडली, की मग मागं जाऊन तरुणपणाची केली."

मावशीचा हात ताटातच थांबला. "म्हंजी आदी म्हातारपण दावलं आन मग तरणपण?"

"हो मावशी."

"मंग काय भ्या न्हाई. कायबी झालं तरी पोरं मरत न्हाईत."

पण भीती वाटायची. त्या पोरांना काहीच येत नव्हतं. वाट चुकायचे, उपाशी राहायचे, त्यांना घेऊन निघालेला साहेबच कच्चा निघाला होता. काय करायचं ते कळेनासं झालं की दोघं मागं वळून बघायचे, आणि मागं कुणीच नसायचं. तरी दुसऱ्या दिवशी उठून पुढं निघायचे. मला त्यांचं हेच बघायचं असायचं. मी ज्यांना पोलीस म्हणून पाहिलं होतं ते सगळे पोट सुटलेले, आवाज चढवून बोलणारे. तेही कधीतरी नवे असतील, घाबरले असतील, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. शेवटच्या भागाच्या दिवशी मध्येच वीज गेली आणि ती संध्याकाळपर्यंत आली नाही. शेवट आम्हाला कळलाच नाही. मैत्रीण हळहळली. मला तेवढं वाईट वाटलं नाही. सोमवारी पळायला जायचंच होतं.

भरतीसाठी आम्ही साताऱ्याला गेलो. मैत्रिणीनं घरी सांगितल्यावर मोठं वादळ झालं होतं. तिच्या वडिलांनी बोलणं टाकलं होतं, तरी ती आली. पोलीस मैदानावर पहाटेपासून रांग होती. आधी उंची मोजायचे. लाकडी पट्टी तिच्या डोक्यावर टेकली, शिपायानं पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाला, "बाजूला व्हा." उंची बोटभर कमी भरली. पळणं नाही, उडी नाही, काहीच नाही. ती कडेच्या झाडाखाली जाऊन बसली.

मी पळण्यात पास झाले. लांब उडीतही पास झाले. गोळाफेकीत माझा गोळा रेघेच्या अलीकडं पडला, तिन्ही वेळा. तिथंच संपलं.

परतीच्या वाटेत कराडच्या स्टँडवर चहा घेतला तेव्हा ती म्हणाली, "माझी उंची काही आता वाढायची नाही. तुझा हात मात्र वाढवता येईल."

"तुला राग न्हाई आला?"

"आलाय. म्हणून तर म्हणते. आपल्यातली एक तरी गेलीच पाहिजे."

काकांनी वर्कशॉपमधल्या भंगारातला लोखंडाचा तुकडा लेथवर धरून मला गोळा करून दिला. वजन बरोबर यावं म्हणून दोनदा परत नेला. पुढचं वर्षभर कारखान्यामागच्या मोकळ्या प्लॉटवर मी गोळा फेकायचे आणि मैत्रीण जिथं पडेल तिथं खडा ठेवून खूण करायची. हात सुजायचा. मावशी रात्री मिठाच्या पाण्यानं शेकायची आणि म्हणायची, "नवरा बघणं सोपं हुतं गं." पण सकाळी तीच मला हलवून उठवायची.

दुसऱ्या वर्षी माझी निवड झाली. आण्णांना निरोप मिळाला तेव्हा ते मेंढरांबरोबर कुठं तरी वाटेवर होते. मैत्रीण बी.ए. झाली, पुढं मिरजेच्या एका शाळेत शिकवायला लागली. तिच्या वडिलांनी तिच्याशी बोलायला सुरुवात केली ती त्यानंतर.

ट्रेनिंग झालं आणि मला उंब्रजच्या बाजूला, हायवेकडच्या एका ठाण्यात टाकलं. मी तिथली एकटीच बाई. बाजाराच्या दिवशी बंदोबस्त, कुणी बाई तक्रार घेऊन आली तर तिच्याजवळ बसणं, नाही तर वायरलेसशेजारची खुर्ची. बाहेरच्या कामाला मला कुणी न्यायचं नाही.

पौष महिन्यातल्या एका सकाळी सगळं ठाणं मंत्र्यांच्या दौऱ्याच्या बंदोबस्ताला गेलं होतं. मागं राहिले ठाणे अंमलदार, मी आणि माझ्याच भरतीतला एक शिपाई. एवढ्यात एक माणूस सायकल टाकून आत आला. मेंढरं हरभऱ्याच्या रानात शिरली होती, शेतकऱ्यांनी धनगरांच्या घोड्या बांधून ठेवल्या होत्या आणि दोन्हीकडं काठ्या निघाल्या होत्या.

अंमलदारांना ठाणं सोडता येत नव्हतं. त्यांनी आमच्याकडं पाहिलं. "जावा दोघं. मारामारी होऊ देऊ नका. बाकीचं साहेब आल्यावर."

त्या शिपायाच्या सायकलवर मागं बसून मी गेले. वाटेत तो म्हणाला, "तू त्यांच्यातलीच ना? तूच बोल." त्याचा आवाज कापत होता.

बांधावर पंधरा-वीस माणसं. एका बाजूला शेतकरी, दुसऱ्या बाजूला मुंडासेवाले आमचे लोक. मधे आंब्याला बांधलेल्या दोन घोड्या, पाठीवरचं सामान तसंच, त्यात एक तान्हं मूल झोपलेलं. रानाचा एक पट्टा पार खाल्लेला. मी एकदा मागं वळून पाहिलं. मागं सायकल होती आणि तिला धरून उभा असलेला माझा जोडीदार. मग मी पुढं झाले आणि दोन्ही टोळक्यांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"काठ्या खाली टाका."

ज्याचं रान होतं तो शेतकरी हसला. "आता बाई सांगणार व्हय आमाला?"

"बाई न्हाई, पोलीस सांगतोय. आधी ते मूल खाली घ्या."

मुलाची आई धावत आली. तेवढं झाल्यावर गलका थोडा उतरला. माझा जोडीदारही पुढं आला आणि एकेकाच्या हातातली काठी मागून घ्यायला लागला. त्याचा आवाज आता कापत नव्हता.

तिकडून एक म्हातारा धनगर माझ्याजवळ सरकला. त्यानं माझी बोली ओळखली होती. "कुठली गं पोरी तू?" मी गाव सांगितलं. त्याचा चेहरा उजळला. "मंग तू आमचीच की! सोड घोड्या. आमाला लांब जायाचं हाय."

ते ऐकून शेतकऱ्यानं पुन्हा काठीकडं हात नेला. मला त्या म्हाताऱ्यात आण्णा दिसत होते. घोडीचा दोर सोडावा असं हाताला वाटत होतं.

"आवं बाबा," मी म्हणाले, "मेंढरं रानात शिरली का न्हाई?"

"शिरली. पर चुकून."

"मंग घोड्या मी सोडणार न्हाई. आन पाव्हणं," मी शेतकऱ्याकडं वळले, "जनावर बांधून ठेवायचा तुमालाबी हक्क न्हाई. कोंडवाडा गावात हाय. आता दोन्हीकडची एकेक माणसं बसा हितं. बाकीचे लांब व्हा."

म्हातारा बाजूला थुंकला आणि म्हणाला, "खाकी अंगावर आली की बोली बदलतीया." ते मला लागलं. पण मी जागची हलले नाही.

दुपारपर्यंत आम्ही तिथंच बांधावर बसलो. एक म्हणायचा भरपाई, दुसरा म्हणायचा कुठून आणू. तोड शेवटी म्हाताऱ्याच्या बायकोनं सुचवली. शेतकऱ्याचं शेजारचं रान मोकळं पडलं होतं. त्यात चार रात्री मेंढरं बसवू, खत होईल, ते भरपाईत धरा. शेतकऱ्यानं तोंड वाकडं केलं. त्याच्या भावानं त्याला बाजूला नेलं, आणि परत आल्यावर तो "बरं" एवढंच म्हणाला. घोड्या त्यानंच सोडल्या.

साहेब संध्याकाळी आले तेव्हा म्हणाले, "मला विचारल्याशिवाय तडजोड करायची नाही." पण पुढच्या आठवड्यात बाहेर काम निघालं तेव्हा जीपमध्ये बसायला त्यांनी मला हाक मारली.

पावसाआधी मी रजेवर गावी गेले. वाटेवरच्या माणसांकडून आण्णांना सगळं आधीच कळलं होतं. मेंढरांच्या वाड्याशी ते काटेरी कुंपण सारखं करत होते. मी जाऊन दुसऱ्या बाजूनं फांदी धरली.

"म्हातारं तुझ्यावर लय चिडलंय," ते म्हणाले.

"ठाऊक हाय."

"पर मारामारी झाली न्हाई म्हणं."

"न्हाई झाली."

त्यांनी फांदी दाबून बसवली, हाताला रुतलेला काटा काढला. "तुझ्या जागी म्या असतो तर घोड्या सोडल्या असत्या," ते म्हणाले. "आन दोन डोकी फुटली असती."

आम्ही कुंपण पुरं केलं.