आईचं रक्त, बाबांच्या गोळ्या

आमच्या घरात आजारी पडायचा मान बाबांचा होता. त्यांना शिंक आली तर तिची बातमी व्हायची. आईला ताप आला तर स्वयंपाक उरकून ती आडवी होईपर्यंत कुणाला पत्ता नसायचा. तेव्हा मला यात काही वावगं दिसलं नाही. मी बाबांची लाडकी होते, आणि लाडक्या लेकीला बापाची शिंक जरा मोठीच ऐकू येते.

१९९८ साली मी रत्नागिरीतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून लागले. त्याच वर्षी बाबा शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले, आणि महिन्याभरात त्यांच्या बरोबरीचे एक गुरुजी बसल्या जागी गेले. दहाव्याला कुणीतरी कोलेस्टेरॉल हा शब्द उच्चारला. बाबांनी तो घरी आणला आणि सोडला नाही. माणूस आता तिथीवार बघून नव्हे, कोलेस्टेरॉलनं मरतो, असं ते आल्यागेल्याला सांगत. "लेक लॅबात आहे, तिला बापाचं रक्त बघायला सवड नाही," हेही सांगत.

एका सकाळी कामावर जाण्याआधी मी त्यांचं रक्त काढलं. बारा तासांचा उपास त्यांनी एखाद्या व्रतासारखा पाळला होता. शीर दोरीसारखी ठळक, एका टोचणीत नळी भरली. आई कापूस घेऊन उभी होती. लॅबमध्ये तपासणीसाठी फोडलेल्या किटमधलं थोडं द्रव्य उरणार होतं, ते फुकट जाऊ नये म्हणून मी तिला म्हटलं, "बस, तुझंही काढते." तिच्यासाठी म्हणून नव्हे, द्रव्य वाया जाऊ नये म्हणून. हे मी स्वतःशी पुष्कळदा घोकलं आहे, ते पुसलं जात नाही.

आईच्या शिरा बारीक आणि पळणाऱ्या. मी तीनदा टोचलं. बाबा म्हणाले, "शिरासुद्धा हिच्यासारख्याच, हाक मारली की माजघरात पळतात." मी हसले. आईही हसली. कशीबशी अर्धी नळी भरली.

लॅबमध्ये दोन्ही नळ्या यंत्रात गरगर फिरवून बाहेर काढल्या. भरलेल्या नळीतलं सिरम, म्हणजे रक्तावर सुटलेलं पाणी, स्वच्छ, पिवळसर. अर्ध्या नळीतलं दुधाळ, तांदळाच्या पेजेच्या निवळीसारखं. कोलेस्टेरॉल काढलं, तर त्या अर्ध्या नळीचा आकडा भलताच वर गेलेला. बाबांचा अगदी सरळ.

पहिला संशय मी आईवरच घेतला. जेवायला घरी गेले आणि विचारलं, "सकाळी चोरून चहा प्यायलीस ना?"

"तुझे बाबा उपाशी असताना मी चहा घेईन काय गो?" आई म्हणाली. तिला राग नव्हता आला, आश्चर्य वाटलं होतं. बाबांच्या आधी तिनं आयुष्यात घोट घेतला नव्हता. बाबांचं जेवण झाल्यावर त्यांच्याच ताटात ती जेवायची. तिच्याइतका पक्का उपास रत्नागिरीत दुसऱ्या कुणाचा नसेल.

मग मी लॅबच्या डॉक्टरांना विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "नवराबायकोच्या नळ्या बदलल्या असतील. जाड, निवृत्त पुरुष आणि सुकी बाई, यातलं कोलेस्टेरॉल कुणाचं हे काय सांगायला हवं? तरी परत काढून बघ."

परत काढलं नाही. बाबांना पुन्हा उपास घडवायचा, माझ्या हातून चूक झाली हे त्यांना सांगायचं, आणि त्यांनी ते गावभर करायचं, हे मला नको होतं. अर्धी नळी आईची हे मला ठाऊक होतं. तीन टोचण्यांनंतर ती कशी भरली ते माझ्या बोटांना ठाऊक होतं. तरी मी दोन्ही लेबलं काढली आणि एकमेकांच्या जागी चिकटवली. शिकलेल्या माणसाला खोटं पटवून घ्यायला फार वेळ लागत नाही, त्याला फक्त एखादं कारण पुरतं.

बाबांना गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्यासाठी आमटी वेगळी, बिनखोबऱ्याची. तळलेल्या सुरमईचं कातडं ते बोटानं सोलून ताटाच्या कडेला ठेवत आणि आई त्याच ताटात बसून ते खाई, कारण टाकायचं कसं. संध्याकाळी बाबा भाट्याच्या पुलापर्यंत चालून येत. रोज जेवणानंतर आई पाकिटातून एक गोळी काढून त्यांच्या तळहातावर ठेवायची आणि पाण्याचा तांब्या पुढे करायची. त्यांनी गिळली की नाही ते बघून मगच ती जेवायला बसे. तीन महिन्यांनी मी पुन्हा बाबांचं रक्त तपासलं. आकडा अर्थातच सरळ. गोळी लागू पडली म्हणून बाबांनी पेढे आणले, आणि पेढे त्यांना वर्ज्य म्हणून आईनं खाल्ले.

आईचं रक्त मी पुन्हा कधी तपासलं नाही. तिचं नॉर्मल होतं ना, कागदावर.

चार वर्षं अशी गेली. एका दुपारी आई ओटीवर पडली होती आणि म्हणाली, "बेंबीपाशी कायतरी उडतंय गो. पाठीतही कळ येते." मी बघितलं. लुगड्याची घडी ठोक्याठोक्याला वरखाली होत होती. बाबा वर्तमानपत्रातून म्हणाले, "या वयात पोटात काय उडतंय? लोक काय म्हणतील?" आईनं पदर ओढून पोट झाकलं. मी याही वेळी हसले. आमच्या घरात विनोदाला कधी तोटा नव्हता.

मी तिला गॅसची गोळी दिली. तिला बरं वाटलं नाही तेव्हा खालच्या वाडीतल्या एका म्हातारीला बोलावलं. ती सरकलेली बेंबी बसवायची. आमच्याकडे हे सगळे करतात, डॉक्टरांच्या घरचेसुद्धा. बेंबीवर बोटं टेकवून ठोका शोधायचा. तो मधोमध लागला तर बेंबी जागेवर, बाजूला लागला तर सरकली. मग अंगठ्यानं दाबून तो ठोका मध्ये आणायचा, वर पेटती पणती ठेवून तिच्यावर तांब्या उपडा घालायचा.

म्हातारीनं बोटं टेकवली आणि तिचा चेहरा बदलला. "वयनी, तुमची बेंबी लय सरकलीय. हातभर उडतंय ता." तिला ठोका सापडला होता. रत्नागिरीत आईचा आजार पहिल्यांदा जिच्या हाताला लागला ती हीच बाई, आणि तिनं तिच्या विद्येप्रमाणे केलं. तिनं तो दाबला.

तीन मंगळवार दाबायचं होतं. पहिल्या दोन वेळा आईनं निमूट सोसलं आणि बरं वाटतंय असंही सांगितलं, म्हातारीचं मन कशाला मोडा. तिसऱ्या मंगळवारी ती म्हणाली, "आज नको. आज फार दुखतंय." मी म्हटलं, "अर्धवट सोडलंस तर पुन्हा सरकेल," आणि तिचे दोन्ही हात धरून ठेवले. डिप्लोमा घेतलेली मी. शरीरातल्या सगळ्यात मोठ्या रक्तवाहिनीचं चित्र परीक्षेत काढून गुण मिळवलेली मी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांचा चहा गाळताना आई खाली बसली आणि पुन्हा उठली नाही. चेहरा पांढराफटक, अंगाला थंड घाम. इस्पितळात सोनोग्राफी केली. डॉक्टर तरुण होते, त्यांनी यंत्राचा पडदा माझ्याकडे वळवला. पोटातली महाधमनी फुग्यासारखी फुगली होती, आत चरबीचे थर बसलेले, आणि ती एका बाजूनं फाटली होती. ऑपरेशन कोल्हापूरला होऊ शकलं असतं. रुग्णवाहिका साखरप्याच्या पुढे गेली, आणि घाट लागायच्या आत आई गेली. शेवटचं ती एवढंच म्हणाली, "त्यांनी चहा घेतला काय?"

मृत्यूचे कागद आणायला इस्पितळात गेले तेव्हा त्या तरुण डॉक्टरांनी विचारलं, "कोलेस्टेरॉल कधी तपासलं होतं का?" मी म्हटलं, "नॉर्मल होतं." त्यांना नवल वाटलं. ते म्हणाले, तंबाखू, रक्तदाब, रक्तातली चरबी, सगळ्यांचा यात हात असतो. आई मिश्री लावायची, तेवढं त्यांनी लिहून घेतलं. हा आजार पुरुषांत जास्त, म्हणून बायकांत कुणी तो शोधत नाही, आणि बायकांची फुगलेली वाहिनी मात्र त्यामानानं लवकर फाटते. पोट दाबलं होतं हे मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "त्यानंच फाटली असं म्हणता येणार नाही," ते म्हणाले, "पण दाबायला नको होतं."

आई गेल्यावर बाबांनी गोळ्या घेतल्या नाहीत. तळहातावर ठेवणारं कुणी नव्हतं, आणि पाकीट स्वतः फोडायची त्यांना सवय नव्हती. पथ्यही सुटलं. मी केलेलं सगळं ते खात, खोबऱ्यासकट. वर्षश्राद्धाला जमलेल्या नातेवाइकांना मात्र ते सांगत होते, "मी जीभ आवरली म्हणून टिकलो. हिला ते जमलं नाही." लोक मान डोलवत होते. मी पंगतीत भात वाढत राहिले.

त्यानंतर मी त्यांचं रक्त काढलं. वर्षभर गोळी नाही, पथ्य नाही. सिरम स्वच्छ, पिवळसर, आकडा सरळ. मला तो बघायचीही गरज नव्हती.

त्या संध्याकाळी बाबा ओटीवर बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं, दुधाळ सिरमपासून लेबलांपर्यंत. ते ओरडतील असं वाटलं होतं, खरं तर त्यांनी ओरडावं अशी इच्छा होती. वर्गात विचारावं तसं त्यांनी विचारलं, "समजा, लेबलं बदलली नसतीस. आकडा तिचाच आहे हे कळलं असतं. तर तिला आपण गोळ्या आणल्या असत्या?"

हो म्हणायला मी तोंड उघडलं. त्या घरात आईसाठी काय काय आणलं होतं ते आठवून पाहू लागले.

"नाही," मी म्हणाले. "पुढच्या वेळी बघू, असं म्हटलं असतं."

बाबांनी मान हलवली. उत्तर बरोबर आलं की ते शाळेत अशीच हलवत.