सतरा नंबरचा उंदीर

ज्योतीराम उंदरावर जळायचा. बायको निशिगंधा म्हणायची, "हसतील लोकं! शेजाऱ्याच्या गाडीवर जळावं, ह्यो उंदरावर जळतोय."

चाकणच्या औषध कंपनीत उंदरांची देखभाल त्याच्याकडं होती. ऑटिझमच्या काही पोरांत बिघडलेला सापडतो तो एक जीन या उंदरांत मुद्दाम बिघडवलेला. त्यांना औषध द्यायचं, मग तीन खोल्यांच्या पेटीत सोडायचं. एका टोकाला जाळीखाली परका उंदीर, दुसऱ्या टोकाला लाकडी ठोकळा. कुणापाशी किती सेकंद रमला ते ज्योतीरामनं खुर्चीत बसून मोजायचं.

सतरा नंबर आधी ठोकळ्याला चिकटायचा. औषधानंतर परक्या उंदराकडं सहा-सहा मिनिटं! ज्योतीरामच्या काळजात कळ उठली. त्याची सोनू आठ वर्षांची, तिलाही ऑटिझम. बापाकडं सहा सेकंद बघत नव्हती.

त्यानं घरीच पेटी मांडली. एका कोपऱ्यात स्वतः, दुसऱ्यात कुकरचं झाकण. सोनू दहा मिनिटं झाकण फिरवत बसली. बाप शून्य.

"मॅडम, आमच्या पोरीला कधी मिळंल हे?" त्यानं प्रयोग चालवणाऱ्या मिनल मॅडमना विचारलं.

"ज्योतीराम, सोनूच्या तपासणीत तो जीन शाबूत निघाला ना? असे शेकडो जीन आहेत. आणि उंदीर म्हणजे माणूस नव्हे."

म्हणजे उंदराच्या दुखण्याचं निदान मूळ तरी सापडलं होतं, पोरीच्या नाही. तो आणखीच जळला.

तरी आशा चिवट. औषधाच्या पिंजऱ्यातल्यांना तो चोरून तळहातावर शेंगदाणा भरवायचा. ह्यांचं भलं झालं तर पोरीचंही होईल, एवढाच हिशेब.

एका सोमवारी एसी गळत होता, म्हणून त्यानं परक्या उंदराकडची नेहमीची खुर्ची ठोकळ्याच्या बाजूला सरकवली. सतरा नंबर सुटला तो थेट ठोकळ्याकडं. मागच्या पायांवर उभा राहून काचेच्या वरच्या कडेकडं नाक करून वास घेऊ लागला. ज्योतीराम उठून पलीकडं गेला. उंदीरही पलीकडं.

परक्या उंदराकडं नव्हे, हा शेंगदाण्याच्या हाताकडं येत होता. गप्प राहिलं तर आकडे चांगले दिसत होते, औषध पुढं सरकलं असतं. पण उद्या तेच सोनूच्या तोंडात घालायचं होतं.

"मॅडम, माझ्याकडनं चूक झाली," त्यानं सगळं सांगितलं.

मिनल मॅडमनी दोन महिन्यांच्या नोंदींवर रेघ मारली. "पुन्हा पहिल्यापासून. आता तुम्ही मोजायचं नाही, आणि शेंगदाणे बंद."

"ऐकलंस का," घरी तो निशिगंधाला म्हणाला, "उंदराला माझी वढ हाय. पोटच्या पोरीला न्हाई."

"पोरीला शेंगदाणे आवडत न्हाईत," ती म्हणाली आणि पाठ फिरवून भाकरी थापू लागली.

तो कोपऱ्यात टेकला. झाकण घरंगळत येऊन त्याच्या गुडघ्याला आपटलं. सोनू आली, एक हात त्याच्या मांडीवर रोवून झाकण उचललं. त्यानं सवयीनं मोजलं. चार सेकंद.

झाकणासाठीच आली होती, ठाऊक होतं त्याला. ती ते पुन्हा फिरवू लागली, आणि ज्योतीराम त्या झाकणाकडं सवतीकडं बघावं तसा बघत बसला.